धुतलेले दगड

आमच्या घरात माणसाच्या हाडांना मान होता, दगडांना नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी एवढी का चिडले असं पुढे कुणी विचारायला नको.

हाडं माझ्या भावाची, यशोधनची. त्याच्या अंगातली नव्हेत. तो लंडनला मेडिकलला लागला तेव्हा अभ्यासासाठी घेतलेला अर्धा सापळा होता तो. लाकडी पेटीत एक कवटी, बरगड्या, एक हात, एक पाय. त्या काळी असे सापळे भारतातूनच यायचे, त्यामुळे लंडनजवळच्या स्लाऊमधल्या आमच्या घरात वरच्या कपाटात कोण देशबंधू येऊन पडला होता देव जाणे. आईचं सोवळंओवळं एरवी फार कडक. बाबा कुणाच्या अंत्ययात्रेहून आले की त्यांना बागेतल्या नळावर पाय धुतल्याशिवाय घरात न घेणारी बाई ती. पण त्या पेटीला तिने आपली जुनी इरकल गुंडाळली होती आणि तिच्यावरची धूळ ती स्वतः झटकायची. पाहुणे आले की बाबा यशोधनला कवटी खाली आणायला सांगायचे, आणि पाहुणे चहाचा कप बाजूला ठेवून कौतुकाने बघायचे.

माझे दगड गॅरेजमध्ये असत. सफरचंदांच्या रिकाम्या खोक्यांत, लॉन मोअरच्या मागे.

मी सुलक्षणा. सहा वर्षांची असताना पुण्याहून इकडे आले. बाबा, म्हणजे डॉक्टर माधव चिटणीस, इथल्या हॉस्पिटलात म्हाताऱ्यांच्या वॉर्डवर. आमच्या महाराष्ट्र मंडळातली निम्मी माणसं डॉक्टर आणि उरलेली डॉक्टरांच्या बायका, त्यामुळे मी काय होणार हे मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, केमिस्ट्रीत सपशेल आपटले. पुन्हा बसले, पुन्हा आपटले. घरात सुतक पाळल्यासारखी शांतता. मग मी कुणाला न विचारता जवळच्या टेक्निकल कॉलेजात नाव घातलं. खाली प्लास्टरिंग शिकवायचे, मधल्या मजल्यावर केस कापायला, आणि सगळ्यात वर भूविज्ञानाचा डिप्लोमा होता, खाणी आणि रस्त्यांच्या कंपन्यांत टेक्निशियन लागतात त्यांच्यासाठी. मंडळात कुणी विचारलं की बाबा म्हणायचे, "सायन्स करतेय," आणि लगेच हवापाण्याचा विषय काढायचे.

मला ते सायन्स वेड्यासारखं आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा मी वर्गात पुढे बसले. दगड हातात घेऊन तो कुठून आला, कशाखाली दबला, कोणत्या समुद्राच्या तळाशी बसला हे सांगता येतं, याचा मला इतका आनंद व्हायचा की बसमध्ये एकटी हसायचे. आणि मग मला डिग्री हवीशी झाली.

आता इथली गंमत ऐका. माझ्या डिप्लोमात जे शिकवत होते ते बहुतेक सगळं डिग्रीच्या पहिल्या वर्षाचंच होतं. पण कॉलेजातून आलेल्याला विद्यापीठं पहिल्या वर्षापासून बसवत. का, तर कॉलेज ते कॉलेज. मी बऱ्याच ठिकाणी लिहिलं. वेल्समधल्या एकाच विभागाने कळवलं की थेट दुसऱ्या वर्षात घेण्याचा विचार करू. कुठलं विद्यापीठ ते सांगत नाही, माणसं अजून हयात आहेत. त्यांची अट अशी: एखाद्या भागाचा नकाशा तू स्वतः केलेला हवा, त्याबरोबर तिथले दगड हवेत, नंबर घातलेले. आम्ही त्यातला कुठलाही उचलू, तू तो नकाशावर कुठला आणि तिथे कसा पडला होता ते सांगायचं. कॉलेजची पोरं मास्तरांचा नकाशा उतरवून आणतात असा त्यांचा समज होता. अपमानच तो, पण मी गिळला, कारण परीक्षा सोपी होती. नकाशा माझाच होता.

आणि मला दुसरं वर्षच हवं होतं, पहिलं चालणार नव्हतं. बाबांनी मला सांगून ठेवलं होतं, "दोन वर्षं थांबतो. तीन नाही." लीड्सला हरीश नावाचा एक रजिस्ट्रार, म्हणजे हॉस्पिटलातला मधल्या पायरीचा डॉक्टर, होता, त्याच्या घरच्यांशी बाबांचं बोलणं चालू होतं. तेविसाव्या वर्षी लग्न, त्याआधी काय शिकायचं ते शीक. डिग्री तीन वर्षांची, म्हणजे दुसऱ्या वर्षात घेतलं तर ती पदरात. पहिल्यात टाकलं तर शेवटच्या वर्षाआधी अक्षता. यशोधन मेडिकलला एक वर्ष नापास झाला होता, त्याचं वर्ष कुणी मोजलं नव्हतं. तेव्हा आई म्हणाली होती, "अभ्यास कठीण असतो गं त्यांचा."

नकाशासाठी मी दोन उन्हाळे वेल्समधल्या कार्डिफला यमुनामावशीकडे काढले. मावशी तिथल्या हॉस्पिटलात भूल द्यायची. सकाळी ती ड्यूटीवर निघाली की मी बस पकडून किनाऱ्यावर जायचे. तिथे कड्याखाली चुनखडकाचे जुने थर आहेत, तिरके झालेले, आणि त्यांच्यावर दुसरे, कितीतरी नवे, जवळजवळ सपाट बसलेले. दोहोंच्या मधली दहा कोटींहून जास्त वर्षं गायब. बोट ठेवता येतं त्या जागेवर. मी त्या किनाऱ्याचा फूट न् फूट चालले. जिथून दगड काढायचा तिथे काढण्याआधी त्याच्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा, त्यावर काळ्या शाईने नंबर, आणि शेजारी दोन बाण: वरची बाजू कुठली, उत्तर कुठली. दगड काय आहे ते दगड कधीही सांगतो. तो कुठे होता आणि कुणीकडे तोंड करून होता हे फक्त तो ठिपका सांगतो.

अठ्ठ्याऐंशी सालची दिवाळी नोव्हेंबरात होती आणि माझी मुलाखत दिवाळीनंतरच्या आठवड्यात. त्या वर्षी मंडळाने टूम काढली, घरोघरी किल्ल्यांची स्पर्धा. मुलांना आपली संस्कृती कळावी म्हणून. मुलं कुठली करतात. चाळिशी-पन्नाशीचे बाप्येच रबरी बूट घालून चिखलात बसले. आमच्याकडे तर किल्ला करण्याच्या वयाचं कुणी उरलंच नव्हतं. पण बाबा लहानपणी पुण्याला पेठेतले किल्ल्यांचे राजे होते म्हणे. त्यांनी दोन दिवस रजा घेतली.

शनिवारी मी कॉलेजच्या लायब्ररीतून परत आले तर दारात गाड्या. परीक्षक आले होते: ईलिंगचे शशिधरकाका, दातांचे डॉक्टर, आणि त्यांच्या पत्नी प्रमोदिनीकाकू. सगळे गॅरेजमध्ये. मी डोकावले. किल्ला खरोखर देखणा होता, ते नाकारत नाही. बुरूज, दरवाजा, पायऱ्या, आरसा ठेवून केलेलं तळं. गवत म्हणून सुपरमार्केटातल्या अळिवाच्या रोपांच्या डब्या कापून लावलेल्या. सिंहासनावर महाराज, आणि खाली मावळे म्हणून खेळण्यातले लाल कोटातले इंग्रज शिपाई, डोक्याला दोऱ्याचे फेटे बांधलेले. काकू हसून हसून बेजार झाल्या होत्या.

मग माझं लक्ष तटबंदीकडे गेलं. गेरूने रंगवलेल्या दगडांच्या त्या तटात एक दगड होता, त्याच्या कडेने शिंपल्याची एक रेघ गेलेली. मी तो ओळखला. जसा आपण गर्दीत आपला माणूस पाठमोरा ओळखतो तसा. मग त्याच्या शेजारचा. मग सगळेच.

मी खाली बसले आणि तटातला एक दगड उपसला. बुरूज ढासळला, महाराज कलंडले. दगडावर ठिपका नव्हता. दुसरा उपसला, त्यावरही नव्हता. जिथे ठिपका होता तिथे घासल्याचे ओरखडे होते.

"नंबर कुठे गेले?" मी विचारलं.

बाबा अजून हसऱ्या चेहऱ्याने उभे होते. "अगं, पांढरे ठिपके फार वाईट दिसत होते. थिनरने निघाले. थोडे सँडपेपरने घासावे लागले, पण निघाले."

मी काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. मराठीत सुरू केलं आणि इंग्रजीत संपवलं, कारण ते शब्द मला मराठीत कुणी शिकवले नव्हते. प्रमोदिनीकाकू उठून बाहेर गेल्या. आई स्वयंपाकघरातून धावत आली, हात बेसनाचे. शशिधरकाका म्हणाले, दिवाळीचं असं करू नये. आणि बाबा, माझे बाबा, खरोखर न समजून म्हणाले, "एवढं काय झालं? दगडच आहेत ना? दुसरे आणू. गार्डन सेंटरमध्ये चांगले मिळतात."

यशोधन वीकेंडला घरी आलेला. तो दारात उभा राहून म्हणाला, "बाबा, तिची प्रोजेक्ट होता तो. तुम्ही आस्क करायला पाहिजे होतं." त्याचं मराठी ऐकून एरवी मी हसले असते. त्या घरात बरोबर बोलणारा तेवढा एकच निघाला.

मी फक्त एकच विचारलं. यशोधनच्या पेटीतली हाडं कुणी किल्ल्यासाठी घेतली असती का? बरगड्यांचं कुंपण छान झालं असतं. आई म्हणाली, "भलतंसलतं बोलू नकोस." तेच तर मी म्हणत होते. तिथे भलतंसलतं झालं असतं. इथे फक्त दगड होते.

बाबांना किल्ल्याचं पहिलं बक्षीस मिळालं, ढासळलेल्या बुरुजासह. मंडळात कुणाला वाईटपणा नको असतो.

दिवाळीचे दिवस मी गॅरेजमध्ये काढले, गेरू धूत. काही दगड मला पटले, शिंपल्यांवरून, रंगावरून. पण चुनखडक चुनखडकासारखाच दिसतो. जवळजवळ निम्म्यांबद्दल मी छातीठोकपणे काही सांगू शकले नसते, आणि बाण तर एकाचाही परत आणता येत नव्हता. बाबा दोनदा दारात येऊन उभे राहिले. एकदा म्हणाले, तुझ्या त्या प्रोफेसरला मी फोन करतो, डॉक्टर म्हणून बोलतो. मी वळूनही पाहिलं नाही.

मुलाखत घेणाऱ्याचं नाव प्रिचर्ड. डॉक्टर प्रिचर्ड, आमच्या डॉक्टरांतला नव्हे, दगडांचा. दाढीवाला, मऊ बोलणारा. मी नकाशा उलगडला, दगड मांडले आणि जे झालं ते सांगितलं. काही लपवलं नाही. तो हसला. वाईट हसला नाही, उलट त्याला फार आवडलं ते सगळं. किल्ला म्हणजे काय, मातीचा का, राजा कोण, असं खोदून खोदून विचारलं. माझ्या नकाशापेक्षा जास्त वेळ त्याने आमच्या दिवाळीला दिला. मग हात जोडल्यासारखे करून म्हणाला की फार लोभस गोष्ट आहे, पण नंबर नसलेल्या दगडांवर मी कशी परीक्षा घेणार? पहिल्या वर्षाला ये. कॉलेजच्या मुलांना दुसरं वर्ष जडच जातं. एका वर्षाने काय बिघडतं?

दहा कोटी वर्षं कुठे गेली याचा ज्याला रोज हिशोब मांडायचा असतो, तो माणूस मला सांगत होता की माझ्या एका वर्षाने काही बिघडत नाही.

मी म्हटलं, "मी आणलेले दगड बिघडलेत. कड्यातले बिघडलेले नाहीत. तिथे चला, वाट्टेल तिथे बोट ठेवा आणि विचारा."

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. नोव्हेंबर आहे, पाऊस असेल, म्हणाला. मी म्हटलं, ओला दगड जास्त स्पष्ट दिसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यावर तो जरा वरमला. मग म्हणाला की शनिवारी तो कुत्र्याला घेऊन त्याच बाजूला फिरायला जातो, ओहोटीची वेळही बरी आहे, तेव्हा येऊ शकतो. माझं अख्खं आयुष्य एका कुत्र्याच्या फेरीत बसवलं त्याने. पण मी हो म्हटलं.

मी ट्रेनने मावशीकडे जाऊन राहणार होते. बाबा म्हणाले, मी सोडतो. किल्ला मोडल्यापासून आम्ही एकमेकांशी मीठ दे, वाटी दे, याच्यापलीकडे बोललो नव्हतो. त्यांना माफी मागता येत नाही, गाडी चालवता येते. शनिवारी पहाटे त्यांनी गाडीच्या काचा पुसून ठेवल्या होत्या. आईने डबाभर चकल्या दिल्या. एम-फोर हायवेने आम्ही वेल्समध्ये शिरलो.

किनाऱ्यावर भणाण वारा. बाबा हॉस्पिटलचे बूट आणि कानटोपी घालून आमच्या मागे ओल्या खडकांवरून घसरत येत होते. प्रिचर्डचा कुत्रा त्यांच्या पायात घोटाळत होता. आणि मी, खरं सांगते, विसरून गेले सगळं. प्रिचर्ड बोट ठेवायचा, मी सांगायचे. हा थर इकडे का झुकला, होकायंत्र लावून किती झुकला. हे गोटे कुठून आले. ही भेग आधीची की नंतरची. एके ठिकाणी त्याने मुद्दाम नकाशाच्या कडेचा एक कोपरा काढला, जिथे घसरलेल्या मातीखाली काही दिसत नव्हतं, आणि विचारलं की इथे रेघ कशावरून मारलीस? मी त्याला वळसा घालून ओढ्यात नेलं आणि पाण्याखालचा थर दाखवला. तो गुडघ्यावर बसला. कुत्र्याला गप्प केलं. मग उठून म्हणाला, "गुड. व्हेरी गुड इन्डीड." मी बाबांकडे पाहिलं. ते लांब उभे राहून चष्मा पुसत होते.

भरती चढायला लागली होती आणि माझी पिशवी पलीकडच्या खडकावर राहिली होती. मी ती आणायला गेले. तेवढाच वेळ ते दोघे एकत्र होते. परत आले तर बाबांनी चकल्यांचा डबा उघडला होता, प्रिचर्ड चकली खात होता, आणि बाबा दोन्ही हात पुढे बांधून, मान जराशी तिरकी करून बोलत होते. हॉस्पिटलमधल्या वरिष्ठांशी ते तसेच उभे राहतात. वाऱ्यावर मला शेवटचं तेवढं ऐकू आलं. "शी इज अ व्हेरी ऑर्डिनरी गर्ल, सर. माय सन इज द क्लेव्हर वन. यू टेक हर इन फर्स्ट इयर ऑल्सो, इट विल बी युवर काइंडनेस."

मला कळलं काय झालं ते. तुम्हालाही कळलं असेल, तुम्ही मराठी आहात. आपल्या मुलाची आपण तोंडाने स्तुती करायची नसते. लोकांनी केली तर "छे हो, कुठलं काय" म्हणायचं, आणि मग समोरच्याने "नाही नाही, फार हुशार आहे" म्हणायचं असतं. बाबा त्या वाक्याची वाट बघत होते. प्रिचर्डला ते वाक्य माहीत नव्हतं. त्याने जे ऐकलं ते खरं मानलं.

तो माझ्याकडे वळून म्हणाला, पहिलं वर्ष. हेच सगळ्यांच्या दृष्टीने बरं.

"माझ्या कामात चूक काय निघाली?" मी विचारलं.

"काहीच नाही. काम उत्तम आहे. पण तुला ओळखणाऱ्या, तुझ्या वडिलांनाच खात्री वाटत नाही. मी कशाच्या जोरावर धोका पत्करू?"

मी त्याला समजावायचा प्रयत्न केला. की ही आमची रीत आहे, त्यांना तसं म्हणायचं नव्हतं, तुम्ही स्वतः दोन तास डोळ्यांनी पाहिलंत ते धरा. तो मान डोलवत ऐकत होता, पेशंटच्या नातेवाइकांचं ऐकतात तसं. बाबा एकदा म्हणाले, "नो नो सर, शी इज गुड ऑल्सो," आणि त्या ऑल्सोने उरलंसुरलं बुडालं. प्रिचर्डने आणखी एक चकली घेतली, कुत्र्याला शीळ घातली आणि निघाला. माझा नकाशा मात्र त्याने विभागात दाखवायला मागून घेतला. मुलगी पहिल्या वर्षाची, नकाशा दुसऱ्या वर्षाचा.

परतताना वेल्स संपतो तिथला खाडीवरचा पूल आला. मग बाबाच म्हणाले, "अगं, असं म्हणायची पद्धत असते. आपल्याच मुलीची बढाई आपण कशी मारायची?"

"यशोधनच्या वेळी कशी मारलीत?"

त्यांनी गिअर बदलला. मी गप्प बसणार नव्हते. मी म्हटलं, तुम्ही पुण्याहून एमडी होऊन आलात. इथे तुम्हाला परत हाउसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर केलं, पोरसवदा गोऱ्यांच्या हाताखाली. किती वर्षं खाल्ली तुमची, ते मी लहानपणापासून प्रत्येक जेवणाला ऐकलंय. आमटीबरोबर वाढलंय ते आम्हाला. आणि आज माझ्यावर तीच वेळ आली तर तुम्ही त्या माणसाला चकली देऊन सांगितलंत की हिला पहिल्यापासून बसवा, उपकार होतील.

त्यांनी वायपर चालू केले. मग ते म्हणाले, "तेव्हा मी येस सर म्हटलं म्हणून टिकलो. भांडले ते परत गेले. मला दुसरं काही येतच नाही, सुलू."

मला त्यांची दया आली, आणि दया आल्याचा राग आला. दया आली की आपण सोडून देतो. मला सोडायचं नव्हतं.

रीडिंगच्या जवळ आल्यावर ते सवयीने म्हणाले, "पण मग हे तीन वर्षांचं झालं. आपलं दोन ठरलं होतं. हरीशकडचे थांबणार नाहीत."

"आपलं नव्हतं ठरलं. तुमचं ठरलं होतं. मी जाणार आहे, बाबा. तीन वर्षं. मधलं एक तुम्ही वाढवलंत, तेव्हा त्यांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा. मी सांगणार नाही, आई सांगणार नाही. तुम्ही."

त्यांनी गाडी डाव्या, संथ लेनमध्ये घेतली. स्लाऊ येईपर्यंत ती तिथेच चालवली, लॉऱ्यांच्या मागे.

रविवारी दुपारी लीड्सचा फोन आला. मी जिन्यात बसले होते. उठून जाणार नव्हते. मला ऐकायचंच होतं. बाबांनी आधी तब्येती विचारल्या, थंडी विचारली. मग खाकरले.

"नाही, तीन वर्षं लागतील. हो, तीन. जमत नसेल तर राहू द्या, आमची काही तक्रार नाही." पलीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण बाबांचा आवाज एकदम चढला. मी त्यांना फोनवर कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "कच्ची कशाने असेल? अहो, मी स्वतः उभा होतो तिथे. त्या माणसाने एक प्रश्न विचारला नाही जो तिला आला नाही. फार हुशार आहे माझी मुलगी. यशोधनपेक्षा हुशार आहे. घरात सगळ्यांपेक्षा."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं, तिला वाटलं मी रडेन किंवा धावत जाऊन त्यांच्या पाया पडेन. मी जिन्याच्या कठड्याला धरून तशीच बसले, संतापलेली. एवढी चांगली, एवढी पुरेपूर वाक्यं या माणसाजवळ होती. आणि ती त्यांनी म्हटली लीड्सच्या लोकांना, ज्यांच्या हातात मला देण्यासारखं काही नव्हतं. आदल्या दिवशी त्या कड्याखाली त्यांतलं एक, फक्त एक, त्यांनी इंग्रजीत म्हटलं असतं तर माझं वर्ष वाचलं असतं.